खार, मुंगूस, सरडा: बडोद्यात छोट्या प्राण्यांचे फोटो काढायला शिकताना

छोट्या वन्य प्राण्यांचे फोटो काढायला शिकायचे असेल, तर पहिल्या दिवशी कॅमेरा कपाटातच राहू द्या. एक वही घ्या आणि लहानपणी घराच्या आसपास रोज दिसणारा एक प्राणी आठवा. कौलांवरून पळणारी खार, बोळाच्या कडेने चटकन निघून जाणारे मुंगूस, कुंपणावर बसून मान हलवणारा सरडा, यांपैकी कोणीही चालेल. त्याच्याबद्दल आठवेल ते सगळे उतरवून काढा. तो किती वाजता यायचा, कुठल्या बाजूने यायचा, काय पळवायचा, घरात त्याला काय म्हणायचे, त्याच्यावर कोण ओरडायचे आणि त्याची बाजू कोण घ्यायचे.

नव्या माणसाचे घोडे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. प्राणी कुठे आणि केव्हा सापडेल हे त्याला कळत नाही. लेन्स महाग आहे की स्वस्त, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि हे ‘कुठे, केव्हा’ ज्याचे बालपण अंगणात गेले त्याला मुळातच ठाऊक असते. आजीच्या गोष्टी, शेजारच्या काकांचे किस्से, मुलांच्या तोंडची गाणी यांत प्राण्यांच्या सवयींचे फार बारीक निरीक्षण दडलेले आहे. मी बडोद्यात ज्यांना ज्यांना हा छंद लावला, त्यांना सुरुवात इथूनच करायला सांगितले, आणि आता हा लेख वाचणाऱ्यालाही तेच सांगतो.

कोणता प्राणी निवडाल?

पहिल्या वर्षी एकच. माझा आग्रह खारीचा आहे, कारण ती दिवसा वावरते, माणसाला फार बुजत नाही आणि बडोद्यात ती नाही असा मोहल्ला सापडणे कठीण. दांडिया बाजार, रावपुरा, सलाटवाडा इथल्या उरल्यासुरल्या वाड्यांत ती आहे, अलकापुरी-कारेलीबागेतल्या फ्लॅटच्या खिडक्यांवर आहे, विद्यापीठाच्या आवारातल्या वडांवर तर आहेच.

रामाने पाठीवरून हात फिरवला आणि बोटे उमटली, ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितलेली असते. फोटो काढताना तिचा उपयोग करा. बडोद्यात दिसणारी खार ही बहुतेक पाच पट्ट्यांची, उत्तर भारतातली. दक्षिणेकडची खार तीन पट्ट्यांची असते. आपल्या खारीचे मधले तीन पट्टे ठळक असतात आणि दोन्ही कुशींवरचे बाहेरचे दोन फिकट, त्यामुळे ती समोरून किंवा अगदी बाजूने टिपली तर पाच मोजता येत नाहीत. गॅलरीतून किंवा जिन्याच्या वळणावरून, किंचित वरून आणि मागून फोटो घेतला की पाचही पट्टे एका चौकटीत येतात. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या नातेवाइकांना हा फोटो पाठवा आणि त्यांच्या खारीचे पट्टे मोजायला सांगा. अशा मोजणीतून मुले फार लवकर नीट बघायला शिकतात.

मुंगूस हा दुसऱ्या पायरीचा प्राणी. ते दिसते, पण थांबत नाही. लहानपणी मुंगूस दिसले की आम्ही सगळे ओरडायचो, ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!’ आणि ते खरोखरच वळून बघायचे. याचे कारण मोठेपणी, कॅमेरा घेऊन त्याच्या मागे राहिल्यावर समजले. मुंगूस झुडपात शिरण्याआधी बऱ्याचदा क्षणभर थांबते आणि मागे पाहते. आवाज आला, तर हमखास. तेव्हा मुंगूस पळताना त्याच्या पाठीमागे कॅमेरा फिरवत बसू नका. ते कुठल्या झुडपाकडे किंवा भिंतीच्या कुठल्या भगदाडाकडे चालले आहे ते ओळखा, कॅमेरा आधीच तिकडे रोखा आणि त्या एका क्षणाची वाट पाहा. ओरडण्याची गरज नाही. शपथ मनातल्या मनात घातली तरी चालते.

सरड्याबद्दल तर म्हणच आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. छायाचित्रकाराला याहून चांगली खूण कोण देणार? बागेतला सरडा ठरलेल्या खांबावर, ठरलेल्या फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. तुम्ही जवळ गेलात की उतरतो, तुम्ही शांत बसलात की परत चढतो. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, विणीच्या काळात, नराचे डोके आणि खांदे लाल होतात आणि तो जागच्या जागी जोर-बैठका काढतो. आपण ज्याला मान हलवणे म्हणायचो आणि चिडून खडे मारायचो, ते दुसऱ्या नराला ‘ही जागा माझी’ असे सांगणे आणि मादीपुढे मिरवणे असते. हे एकदा कळले की खडा उचलणारा हात आपोआप खाली येतो. मी ते मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

पावसाळ्याच्या संध्याकाळी बाहेर पडता येत नसेल, तर ट्यूबलाइटपाशी येणारी पाल हा सरावासाठी उत्तम विषय आहे. ती एका जागी थांबते आणि मोबाइलवरही छान येते. फक्त एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटर (म्हणजे फोटो घेताना ते उघडे राहण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले तर दिव्याच्या उघडझापेमुळे येणारे काळे पट्टे टळतात.

सात सकाळी नुसते बघा

प्राणी ठरला की ओळीने सात दिवस एकाच जागी, एकाच वेळी बसा. कॅमेरा नको, वही हवी. घरची गच्ची, मागचा ओटा, सोसायटीतला कडुनिंब, काहीही चालेल. घराजवळ जागा नसेल तर कमाटीबाग आहेच. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७९ मध्ये विश्वामित्री नदीच्या काठी ही बाग उभी केली. तिच्यातल्या जुन्या मोठ्या झाडांवर आणि हिरवळीवर खारी इतक्या निर्धास्तपणे वावरतात, की शिकणाऱ्याला दुसरी जागा शोधायला नको. रविवार टाळा. मुलांची गर्दी सुरू झाली की खारी वर जातात. बुधवार-गुरुवारची सकाळ चांगली. प्राणिसंग्रहालयाच्या भागातही मोकळ्या खारी पुष्कळ, पण पिंजऱ्यातला प्राणी हा आपला विषय नाही. तिथे पिंजऱ्याच्या जाळीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुणीकडे लक्ष द्या.

वहीत काय लिहायचे? ती कोणत्या फांदीवरून उतरते, जमिनीवर आल्यावर आधी कुठे थांबते, काय खाते, कशाला घाबरते. बडोद्याच्या वडांना फळे धरली की खारी तासन्‌तास तिथेच असतात. माघ-फाल्गुनात काटेसावर फुलली की त्या लाल फुलांत तोंड खुपसून मध पितात. असा फोटो मिळाला तर तो वर्षभर पुरतो. भर उन्हाळ्यातल्या दुपारी खार सावलीतल्या फांदीवर चारी पाय पसरून पालथी पडते, तेव्हा तिच्यापेक्षा जास्त दमलेला जीव जगात नसेल असे वाटते.

आवाज ओळखायला याच सात दिवसांत शिका. खार शेपटी झटकत एका लयीत ‘चिक् चिक् चिक्’ करू लागली, की ते गाणे समजू नका, तो इशारा असतो. खाली मांजर असते, वर शिक्रा असतो किंवा कुंपणातून साप नाहीतर मुंगूस चाललेले असते. मुंगूस शोधणाऱ्यांसाठी तर खारीसारखा वाटाड्या नाही. ती ज्या दिशेला तोंड करून ओरडते, तिकडे पाहा.

माळी, रखवालदार, सकाळी झाडणाऱ्या बायका यांच्याशी बोला. बागेत कोण कुठे राहते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. गुजरातीत विचारा, खिसकोली, नोळियो, काचिंडो हे शब्द पुरतात. आधी दोन मिनिटे त्यांची विचारपूस करा, मग प्राण्याची. बडोद्यात माणसे अशीच बोलती होतात.

घरातल्या मोठ्यांनाही याच आठवड्यात विचारून घ्या. आमच्याकडे रोज काकबळी ठेवला जायचा आणि कावळ्याच्या आधी खार हजर व्हायची. आई म्हणायची, ‘आधी हिचा मान.’ काकबळीची वेळ म्हणजे स्वयंपाक उरकल्याची वेळ, उन्हे ओट्यावर आलेली असायची. पुढे मी त्या वाड्याच्या मागच्या ओट्यावर कॅमेरा घेऊन बसलो, तेव्हा वेळ आणि जागा दोन्ही आईनेच सांगितल्यासारखी होती.

हातात काय हवे

मोबाइलवर सुरुवात करायला हरकत नाही, पण त्याची मर्यादा समजून घ्या. खारीचे अंग जेमतेम पंधरा सेंटिमीटर, शेपटी साधारण तेवढीच. तिप्पट ऑप्टिकल झूमच्या मोबाइलने दोन मीटरवरून फोटो काढला तर खार चौकटीच्या रुंदीचा साधारण सहावा भाग व्यापते. बोटांनी ताणून आणखी झूम केले की चित्र फुटते. मग करायचे काय? खारीला छोटीच राहू द्या आणि तिच्याभोवतीचे घर चौकटीत घ्या. झोपाळ्याच्या कड्या, तुळशीवृंदावन, वाळत घातलेली गोधडी, पितळी बंबाची तोटी. आठवण जागी करायची असेल, तर खारीच्या मिशा मोजता येणाऱ्या फोटोपेक्षा असा फोटो कितीतरी जास्त काम करतो, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी ती खार पाहिली होती त्यांना त्या तोटीवरूनच सगळे आठवते.

मोबाइलची काच रुमालाने पुसा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण धूसर आलेल्या फोटोंपैकी पुष्कळ फोटो बोटांच्या ठशांमुळे बिघडलेले असतात. प्राण्यावर बोट दाबून ठेवून फोकस पक्का करा, उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा आणि आवाजाच्या बटणाने फोटो काढा, म्हणजे हात हलत नाही.

कॅमेरा घेणार असाल तर साधी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरने चार मीटरवरून आडवी दिसणारी खार चौकटीची निम्मी रुंदी भरते. यापेक्षा जवळ जाण्याची गरजच नाही. मात्र एवढ्या अंतरावर लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ ठेवले तर स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम चार सेंटिमीटर खोल असतो. नाक स्पष्ट आले तर शेपूट धूसर होणारच. म्हणून फोकस डोळ्यावर, नेहमी डोळ्यावर. डोळा चमकला की बाकीचे धूसर असले तरी फोटो जिवंत वाटतो. नव्या कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा शोधणारी सोय असते, ती चालू करा. जुन्यात फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा.

शटरचे गणित असे: बसून खाणाऱ्या खारीला १/५०० पुरते, पण त्याहून कमी नको, कारण ३०० मिलिमीटरची लेन्स हातात धरल्यावर आपलाच हात तेवढा हलतो. पळणाऱ्या खारीला १/१००० किंवा त्याहून जास्त, उडी टिपायची तर १/२०००. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ‘ऑटो’वर टाका आणि त्याची वरची मर्यादा ३२०० ठेवा. फोटोत थोडे दाणे आले तर येऊ द्या. हललेला फोटो दुरुस्त होत नाही, दाणेदार फोटो चालून जातो. झाडाखाली सावलीत प्राणी आणि मागे लखलखीत आकाश असेल तर कॅमेरा फसतो आणि प्राणी काळा करतो. तेव्हा एक्स्पोजर एक घर वाढवा, मागचे आकाश पांढरे झाले तरी हरकत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. एसीच्या बाहेरच्या पेटीवर किंवा खिडकीच्या कठड्यावर खार येत असेल, तर खिडकी उघडू नका. खोलीतले दिवे बंद करा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि पडद्याआडून फोटो काढा. काचेवरचे प्रतिबिंब जाते आणि खारीला तुम्ही दिसत नाही.

बसायचे कसे

जमिनीवर. बाकावर बसून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यातून खार नेहमी लहान आणि केविलवाणी दिसते. सतरंजी टाका, पालथे पडा किंवा मांडी घालून कोपरे गुडघ्यांवर टेकवा. पाठीला दुखणे असेल तर छोट्या पाटावर बसा आणि कॅमेऱ्याचा पडदा वळवून वरून पाहा. तुमची नजर आणि तिची नजर एका पातळीत आली की चित्र बदलते. आपण सहा वर्षांचे असताना ओट्याच्या पायरीवर बसून तिला ज्या उंचीवरून पाहिले होते, तीच ही उंची. लहानपणी ती एवढी मोठी का वाटायची, याचे उत्तर तिथे पडल्या पडल्या मिळते.

तिच्याकडे सरळ चालत जाऊ नका. आधी वहीत नोंदलेल्या जागेपासून चार-पाच मीटरवर येऊन बसा, सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा आणि तिला येऊ द्या. पहिली दहा-पंधरा मिनिटे काहीच होत नाही. तेव्हा मोबाइल चाळू नका, हाताची ती हालचाल तिला दिसते. ती आली की लगेच बटण दाबू नका. तिला पहिला घास खाऊ द्या. घास तोंडात गेलेला प्राणी निवांत होतो, आणि खार मागच्या पायांवर बसून दोन्ही हातांत फळ धरून फिरवत खाते तेव्हा तुम्हाला भरपूर वेळ मिळतो. कॅमेऱ्यात आवाज न करणारे शटर असेल तर तेच वापरा.

ऊन कोवळे असताना एकदा मुद्दाम सूर्याच्या दिशेनेही फोटो घ्या. शेपटीच्या केसांतून उजेड येतो आणि तिच्याभोवती सोनेरी कड उमटते. बडोद्यात जानेवारीत सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो, जूनमध्ये सहाच्या आतच. उगवल्यानंतरचा तास-दीड तास आपला. एप्रिल-मेमध्ये नवानंतर ऊन इतके कडक होते की फोटोही जळतो आणि माणूसही.

प्राण्याला काय चालते, काय नाही

या बाबतीत मी कडक आहे. फोटोसाठी खायला घालायचे नाही. कमाटीबागेत खारींपुढे सेव-गाठ्या टाकणारी माणसे दिसतात. हेतू चांगला असतो, पण ते तेल-मीठ त्यांच्या पोटासाठी नाही, आणि हाताकडे धावायला शिकलेली खार मांजराच्या तावडीतही सहज सापडते. शिवाय गाठ्या खाणाऱ्या खारीचा फोटो पाहून तिच्या जगण्याबद्दल काहीच कळत नाही. उन्हाळ्यात सावलीत पसरट परळात पाणी मात्र जरूर ठेवा. रोज परळ घासून धुवा. पाण्यावर खार येते, बुलबुल येतो, सरडाही येतो, आणि फोटोला उत्तम जागा तयार होते.

घरट्यापासून लांब राहा. खार पायपुसण्याचा काथ्या, गादीतला कापूस, सुतळीचे धागे तोंडात कोंबून नेताना दिसली, तर घरटे जवळच आहे असे समजा. काथ्याच्या मिशा लावलेली ती खार टिपा, पण तिच्या मागे जाऊ नका. पिल्लू खाली पडलेले सापडले आणि ते धडधाकट असेल, तर मऊ कापड घातलेल्या उघड्या खोक्यात ठेवून ते त्याच झाडाखाली, मांजर-कुत्र्यांपासून सुरक्षित ठेवा आणि लांब व्हा. आई बऱ्याचदा येऊन तोंडात धरून नेते. जखमी असेल तर गुजरातमधल्या करुणा पशू रुग्णवाहिकेचा क्रमांक १९६२ आहे. उत्तरायणाच्या दिवसांत, म्हणजे १४ जानेवारीच्या आधी-नंतर, झाडांवर मांजा लटकत असतो आणि पक्ष्यांबरोबर खारीही त्यात अडकतात. त्या आठवड्यात कॅमेऱ्यापेक्षा कात्री जवळ ठेवलेली बरी. फोटोच्या जागेवरचा लोंबणारा मांजा कापून, गुंडाळून, कचऱ्यात टाका.

मुंगसाची जागा कोणाला सांगू नका, फोटोबरोबर ठिकाणही टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगूस पकडणे-मारणे गुन्हा आहे, तरी त्याच्या केसांसाठी त्याची चोरटी शिकार होते. त्या केसांचे रंगकामाचे ब्रश बनतात. बडोद्यात १९५० पासून ललित कला विद्याशाखा आहे, घरोघरी कोणी ना कोणी चित्र काढणारे आहे. ब्रश घेताना तो कशाचा आहे हे दुकानदाराला विचारा आणि मुंगसाच्या केसांचा असेल तर परत द्या. मुंगसाचे फोटो काढणाऱ्याने निदान एवढे करावेच.

आता तुमच्या स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल. विश्वामित्रीच्या काठावर उतरू नका. पाण्यात मगरी आहेत, काठावर ऊन खात पडलेल्या असतात आणि मातीच्या रंगात मिसळून जातात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या, ते सगळ्यांनी पाहिले आहे. पुलावरून किंवा कठड्याच्या आतून जे दिसेल ते टिपा. मुंगूस जिथे फिरते तिथे साप असू शकतो, तेव्हा पावसाळ्यात पायात बूट हवेतच आणि पालथे पडण्याआधी गवत काठीने चाळवून घ्या.

फोटो आल्यावर

शंभरांतून तीन ठेवा. तीन ठेवायचे कसे? एक, ज्यात प्राणी नीट दिसतो. दुसरा, ज्यात तो काहीतरी करतो आहे. तिसरा, ज्यात जागा ओळखू येते. तिसऱ्या फोटोला लोक सहसा फाटा देतात, आणि घरातल्या माणसांना नेमका तोच हवा असतो.

या तिसऱ्या फोटोची कागदावर प्रत काढा. मोबाइलच्या पडद्यावर वयस्कर माणसांना नीट दिसत नाही, आणि पडदा हातातून हातात जाताना नुसता सरकतो. आठ बाय दहा इंचांचा कागद समोर ठेवला की ती माणसे चष्मा काढतात, पुसतात आणि बोलायला लागतात. घाई करू नका. ‘खार आठवते का?’ असे विचारले तर ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘ही पायरी कुठली?’ असे विचारा. मग पायरीवरून ओटा निघतो, ओट्यावरून वाळवणे, वाळवणांवरून शेंगदाणे पळवणारी खार, आणि खारीमागे लाटणे घेऊन धावलेली आत्या. त्यांना विचारून मोबाइलवर हे बोलणे रेकॉर्ड करा. त्यातला प्राण्याच्या सवयीचा भाग वहीत घ्या, तो पुढच्या फोटोला उपयोगी पडतो.

प्रत्येक ठेवलेल्या फोटोच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: प्राणी, जागा, महिना आणि साल, आणि ज्याने आठवण सांगितली त्याचे एक वाक्य, त्याच्याच शब्दांत. ‘खार. मागचा ओटा. फाल्गुन. आई म्हणाली: आधी हिचा मान.’ इतके पुरे. सुशोभित मजकूर लिहायचा मोह आवरा. आत्याच्या तोंडचा ‘मेली खारूटली’ हा शब्द आहे तसा राहू द्या, तो सुधारला तर आत्या त्यातून निघून जाते. मूळ फोटो दोन ठिकाणी साठवा, एक संगणकावर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर.

मुलांना या कामात ओढा, पण कॅमेरा देऊन नव्हे. त्यांच्याकडे वही द्या. मुलांचे कान तीक्ष्ण असतात, खारीचा इशारा मोठ्यांच्या आधी त्यांना ऐकू येतो. शिवाय आजोबांना प्रश्न विचारायला नातवंडांना संकोच नसतो.

बडोद्याबाहेर

घराजवळचा प्राणी ऋतू बदलतील तसा वर्षभर टिपून झाला की बाहेर पडा. जवळची चांगली जागा म्हणजे चांपानेर, बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटर. पावागडाच्या पायथ्याचे हे जुने शहर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जामी मशिदीच्या कोरीव दगडांवर खारी आणि सरडे ऊन खायला येतात, आणि त्या पिवळसर दगडाची पार्श्वभूमी सकाळी अप्रतिम असते. दगडाचा रंग आणि सरड्याचा रंग एक होतो, तेव्हा त्याच्या सावलीवरून त्याला शोधा. स्मारकांच्या आत ट्रायपॉड वापरायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हातातल्या कॅमेऱ्यावरच भागवा. तिथून पुढे जांबुघोडा अभयारण्य आहे, तिथे अस्वल आणि बिबळे आहेत. वनखात्याची परवानगी आणि माहितगार माणूस सोबत असल्याशिवाय तिकडे जाऊ नका. चांपानेरला पहाटे साडेपाचला निघालात तर ऊन तापायच्या आत दोन तास मिळतात. प्रत्येकी दोन लिटर पाणी बरोबर घ्या.